हारूनभाईंची कॅसेट

फिंतास, कुवेत
शुक्रवार, १८ जानेवारी १९८५

प्रिय सुचे,

तुझं पत्र सोमवारी, ऐन संक्रांतीच्या दिवशी, हॉस्पिटलच्या टपालात आलं आणि मी ते ड्यूटीवरच, औषधांच्या कपाटाकडे तोंड करून वाचलं. निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी आणि शेवटी दोनदा अधोरेखित केलेला एक शब्द: तिकीट. माझा चेहरा बघून वॉर्डातल्या इजिप्तच्या मिसरी नर्सला वाटलं, घरचं कुणीतरी गेलं. मी म्हटलं, गेलं नाही गं, परत येतंय. तिने लगेच अल्लाचे आभार मानले आणि आता गोड दे म्हणाली. पर्समध्ये तिळाचा लाडू होता तो दिला. तिने तो दोनदा चावून पाहिला, मग आदराने रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. यंदाचा पाक जरा पुढे गेला होता, हे मला मान्य आहे.

पत्रासोबत तुझ्या कॉलेजचं ते चकचकीत माहितीपत्रकही मिळालं. कव्हरवर चार मुली: एक गोरी, एक काळी, एक चिनी चेहऱ्याची आणि मधोमध बॉल धरून तू. तुझी तक्रार मला कळली आहे. बास्केटबॉलचे चौदा सामने झाले, त्यांत तू सगळी मिळून अकरा मिनिटं खेळलीस आणि उरलेला वेळ बाकावर बसून दुसऱ्यांना टॉवेल दिलेस. मग ऑफिसात काम करणाऱ्या एका मुलीने तुला सांगितलं, की कॉलेजनेच कोचबाईंना बजावलं होतं, टीम फार एकरंगी दिसते, यंदा वेगवेगळ्या वंशांच्या मुली शोधा. त्या शोधात तू सापडलीस. म्हणजे तुला खेळासाठी नाही, फोटोसाठी नेलं, आणि अशा ठिकाणी एक दिवसही राहायचं नाही, असं तुझं म्हणणं.

बाबांनी पत्र वाचलं आणि मंगळवारी जवाजातच्या, व्हिसा-परवान्यांच्या ऑफिसात जाऊन उभे राहिले. तिथल्या साहेबाने सांगितलं, की मुलगी सहा महिने कुवेतबाहेर राहिली की तिचा इकामा, इथे राहायचा परवाना, आपोआप रद्द. तू वीस ऑगस्टला गेलीस. म्हणजे वीस फेब्रुवारीच्या आत तू इथे उतरलीस तर आपल्या घरात राहशील, नंतर आलीस तर पाहुणी म्हणून, नव्या व्हिसावर, तेही मिळाला तर. बाबांनी येताना एअरलाइनच्या ऑफिसात बारा फेब्रुवारीचं तिकीटही काढून आणलं. तेव्हा हे काही नुसतं रागावणं-समजावणं राहिलेलं नाही. या पत्राला उलट टपाली तुझं उत्तर यायला हवं.

मला खरं तर एका ओळीत लिहिता आलं असतं, ये म्हणून. पण मला काही गोष्टी आधी सांगायच्या आहेत, आणि मी थेट मुद्द्यावर येणाऱ्यांतली नाही हे तुला माहीत आहे. इंजेक्शन देतानाही मी आधी पेशंटच्या गावाची चौकशी करते.

पहिली गोष्ट रंगाची. ते माहितीपत्रक मी खिडकीशी नेऊन उजेडात पाहिलं. तू आहेस त्यापेक्षा त्यांनी तुला दोन छटा गडद छापलंय, कुणाच्या नजरेतून सुटायला नको म्हणून असेल. आणि मला इतकं हसू आलं, की बाबा स्वयंपाकघरातून धावत आले. अगं, चौदाव्या वर्षापासून तू भर उन्हात सिमेंटच्या कोर्टवर नाचायचीस आणि मी दर शुक्रवारी तुला मोरीत बसवून बेसन, साय आणि हळद चोळायचे. हात दुखेपर्यंत चोळायचे. तू ओरडायचीस, की आई, साल निघेल. तुझा रंग एका छटेनेही हलला नाही. आणि आता अमेरिकेतलं एक कॉलेज म्हणतंय, की हाच रंग आम्हांला कव्हरवर पाहिजे. चार वर्षांचं बेसन वाया गेलं माझं. तेवढ्या बेसनात साऱ्या महाराष्ट्र मंडळाला गणपतीत लाडू पुरले असते.

हसून झाल्यावर मात्र मला जरा लाज वाटली, तेही लिहून टाकते. तुझ्या कोचबाई काळ्या आहेत हे तू पहिल्या पत्रात कळवलंस, तेव्हा मी ते मंडळात कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं तर अमेरिकन आहेत, एवढंच म्हणायचे. का, ते तूच ओळख. मी बेसन चोळणारी बाई.

आता दुसरी गोष्ट, ती मी तुझ्यापासून चार वर्षं लपवली आहे. तुला आठवतं, ऐंशी साली तुझी भारतीय मुलींच्या टीममध्ये निवड झाली? मी तुला सांगितलं होतं, की शाळेच्या स्पोर्ट्समध्ये तुझी उंच उडी पाहून निवड-समितीवाले खूश झाले. तू किती दिवस आरशात बघून उड्या मारत होतीस! सुचे, समितीतल्या कुणीही तुझी उडी पाहिली नव्हती. झालं असं, की टीम सगळ्या भारतीयांची म्हणून काढली आणि तिच्यावरून सगळे भारतीय भांडायला लागले. शेवटी तोड निघाली, की राज्याराज्याच्या मंडळांना जागा वाटून द्यायच्या. केरळला दोन, गोव्याला दोन, तामिळनाडू, आंध्र, गुजरात, पंजाब आणि सिंधी मंडळी यांना एकेक, आणि एक आपली. केरळ आणि गोव्याकडे खेळणाऱ्या मुलींची रांग लागली होती. आपल्या मंडळाकडे नाट्यगीतं म्हणणाऱ्या सहा मुली होत्या, बॉल धरणारी एक नव्हती. जागा रिकामी राहिली तर ती केरळला जाणार, या काळजीने मंडळाच्या सेक्रेटरींचा घास अडला होता.

ते आपल्याकडे चहाला आले होते, माझ्यापाशी रडगाणं गात होते आणि तेवढ्यात तू माळ्यावरची लोणच्याची बरणी काढायला आलीस. स्टूल न घेता. नुसता हात वर केलास आणि बरणी खाली. सेक्रेटरींनी कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, महाराष्ट्राची जागा भरली." बास्केटबॉल येतो का, असं त्यांनी विचारलंही नाही. मी पण नाही विचारलं. तुझ्या उंचीची मला धास्ती पडली होती. हळदीकुंकवाला गेलं, की बायका तुझ्या डोक्यापासून पायापर्यंत बघून म्हणायच्या, अजून वाढतेच आहे का हो? जसं काही मी रात्री तुला पाणी घालते. मला वाटलं, उंचीचा कुठे तरी उपयोग होतोय तर होऊ दे.

तुझा पहिला सामना मी मरेपर्यंत विसरणार नाही. आयुष्यात तू खेळली होतीस खो-खो. बॉल तुझ्या हातात आल्यावर तू तो कळशीसारखा कमरेला धरलास, समोरच्या टोकापर्यंत पळालीस, तिथे दुसऱ्या टीमची एक मुलगी पाठमोरी उभी होती, तिच्या पाठीवर थाप मारलीस आणि खो म्हणून तिच्या जागी उकिडवी बसलीस. त्या बिचारीला काय कळणार, ती रडायलाच लागली. रेफ्रीने शिटी तोंडात धरली, पण वाजवायची कशासाठी ते त्याला सुचेना. केरळच्या दोन मुलींच्या आया माझ्या शेजारी होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग फार सभ्यपणे माझ्याकडे पाहिलंच नाही. तू घरी येऊन उशीत तोंड खुपसून झोपलीस, आणि मी मनात म्हटलं, बरं झालं, सुटली ब्याद.

पण दुसऱ्या दिवशी तू बाबांना म्हणालीस, मला बॉल टाकायला कडं पाहिजे. त्यावर तुझे बाबा, जे घरातला बल्ब बदलायला दोन आठवडे घेतात, ते त्याच शुक्रवारी अम्गऱ्याला गेले. तिथल्या भंगारच्या वखारीत काशिनाथभाऊ वेल्डर, आपल्या मालवणाकडचे, दर शुक्रवारी आपल्याकडे वरणभात जेवून जाणारे. त्यांनी लोखंडी सळई वाकवून कडं केलं आणि आपल्या इमारतीमागच्या पाण्याच्या टाकीच्या खांबाला जोडून दिलं. माप कुठून घेतलं? बाबांनी हवेत दोन्ही हात धरून दाखवलं, एवढं. ते एवढं अम्गऱ्यापर्यंत जाईस्तोवर लहान झालं. खरं कडं अठरा इंचांचं असतं, आपलं भरलं सोळा. काशिनाथभाऊंना चूक कळली तेव्हा वेल्डिंग थंड झालं होतं. ते शांतपणे म्हणाले, "वयनी, कडा जरा बारीक झाला. पन बारक्या कड्यातसून बॉल गेलो, तर मोठ्यातसून जातलोच जातलो." दोन वर्षं तू त्या सोळा इंचांत बॉल घालायला धडपडलीस आणि मग अहमदीच्या कोर्टवर पहिल्यांदा सलग पाच बास्केट झाले, तेव्हा तू आमच्याकडे वळून म्हणालीस, बाबा, हे तर घमेलं आहे! त्यानंतर केरळच्या आया मला सामन्याला शेजारी जागा धरून ठेवायला लागल्या. त्र्याऐंशीत तू कॅप्टन झालीस, आणि तेव्हा मात्र कुठल्याही मंडळाने कुठलीही जागा वाटली नव्हती.

काशिनाथभाऊंचा करार मार्चमध्ये संपतोय, ते कायमचे गावी चाललेत. परवा येऊन कड्याला नवा रंग लावून गेले. चेडू इला तर, पोरगी आली तर असावं, असं म्हणाले. मी त्यांना वरणभात वाढला.

मग ती अमेरिकेची भानगड. अमेरिकन मुलांच्या शाळेतल्या पीटीच्या बाईंनी तुला खेळताना पाहिलं आणि त्यांच्या मैत्रिणीला, म्हणजे तुझ्या कोचबाईंना, पत्र लिहिलं. तिकडून उत्तर आलं, की एका पूर्ण सामन्याची कॅसेट पाठवा, फेब्रुवारीच्या आत. आता कुवेतमध्ये घरोघरी व्हिडिओ आहे, पण कॅमेरा कुणाकडे? फहाहीलच्या हारूनभाईंकडे. श्रीवर्धनचे हारूनभाई, ज्यांनी इथल्या निम्म्या भारतीयांची लग्नं काढली आहेत. मी त्यांना नीट समजावलं, की खेळाची फिल्म पाहिजे, अमेरिकेला जाणार आहे. ते म्हणाले, "भाभी, काय फिकर करू नका, माझा हात बसलेला आहे." हात बसलेला होता, ते खरंच. फक्त तो दुसऱ्याच कामावर बसलेला होता.

तुला वाटतं तेवढं सगळं तू पाहिलेलं नाहीस, कारण अर्ध्यातून तू टीव्ही बंद करून दार आपटून निघून गेलीस. मी सांगते. सुरुवात आपल्या देव्हाऱ्यातल्या गणपतीपासून. मग गुलाबी अक्षरांत सुचित्रा, भोवती फुलं. मग तू आमच्या दोघांच्या पाया पडतेस आणि मी बॉलला कुंकू लावते, कारण हारूनभाईंनी तसं करायला सांगितलं आणि मी ते केलं. मग सनई. सबंध सामन्यावर सनई. सामना फिलिपिनो नर्सेसच्या टीमबरोबर होता, त्यातल्या दोघी माझ्याच वॉर्डातल्या, म्हणून मी दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवताना दिसते. आणि पाहुणे! हारूनभाईंचा धंद्यातला नियम आहे, आलेला एकही पाहुणा फिल्ममधून सुटता कामा नये, नाहीतर वर्षभर बोलणी खावी लागतात. त्यांनी सगळी मंडळं एकेक करून घेतली. लोक बटाटेवडे खाताहेत, कॅमेरा आला की चावायचं थांबून हसताहेत, पोरांना पुढे ढकलताहेत. तू त्या दिवशी बावीस पॉइंट केलेस. त्यातला एकही कॅसेटमध्ये नाही. दर वेळी नुसता लोकांचा आरडाओरडा ऐकू येतो आणि पडद्यावर सेक्रेटरींच्या सौ. चटणी वाढून घेताना दिसतात. शेवटच्या मिनिटाला तुझे दोन्ही फ्री थ्रो चुकले आणि आपण एका पॉइंटने हरलो. ते चुकणंही कॅसेटमध्ये नाही. तिथे गोव्याच्या एका बाळाचा क्लोजअप आहे.

दुसरा सामना काढायला दिवस उरले नव्हते. पीटीच्या बाईंनी कॅसेट पाहिली, हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी म्हणाल्या, पाठवून तर देऊ, आणि तिकडच्या मशीनवर चालेल अशी प्रत करून त्यांनीच ती रवाना केली. मी गणपतीपुढे दिवा लावला. आता सगळंच कबूल करायचं ठरवलंय म्हणून सांगते, तुझी निवड व्हावी म्हणून नाही लावला. मला खात्री होती, की ती कॅसेट बघून अमेरिकेत कुणी आपल्या घरची मांजरसुद्धा तुझ्याबरोबर खेळायला पाठवणार नाही. हारूनभाईंच्या हातून देवाने माझं काम केलं, असं वाटून मी दिवा लावला. आणि एप्रिलमध्ये चार वर्षांच्या स्कॉलरशिपचं पत्र आलं. हारूनभाईंनी आता दुकानाबाहेर पाटी लावली आहे, की आमची फिल्म अमेरिकेत पास झाली. लोक लांबून येतात.

तुला रात्रंदिवस छळणारा प्रश्न तो हाच ना, की या असल्या कॅसेटवर कुणी खेळाडू निवडतं का? रंगच पाहिला असणार. मला ते मुळीच खोटं वाटत नाही. फोटोपुरतं उभं राहणं मला चांगलं माहीत आहे. आमच्या वॉर्डात एकदा बडे पाहुणे येणार होते, तेव्हा मेट्रनने निवडून एक मिसरी, एक फलस्तिनी, एक फिलिपिनो, एक मल्याळी आणि एक मी अशा पुढे उभ्या केल्या होत्या. माझी त्या दिवशी सुट्टी होती. गाडी पाठवून घरून आणलं, कारण तसा चेहरा दुसरा नव्हता. मी दोन दिवस धुमसत होते. मग तिसऱ्या दिवशी एका म्हातारीची शीर कुणालाच सापडेना, चौघींनी टोचून पाहिलं, आणि तीच मेट्रन धावत मला बोलवायला आली. तेव्हा तिने माझा चेहरा पाहिला नाही, माझा हात धरून ओढत नेलं. फोटो अजून भिंतीवर आहे. मी त्याच्याखालून रोज जाते आणि आता मला तो खरंच दिसत नाही.

आता मुद्दा, सुचे. मे महिन्यात, म्हणजे तू जायच्या तीन महिने आधी, कोचबाईंचं एक हाताने लिहिलेलं पत्र हॉस्पिटलच्या पत्त्यावर आलं होतं. आईबाबांना म्हणून, तुलाही दाखवा म्हणून. मी ते कुणालाच दाखवलं नाही. युनिफॉर्मच्या कपाटात, टोप्यांखाली ठेवून दिलं. त्यात त्यांनी स्वच्छ लिहिलंय, की मला वेगवेगळ्या वंशांच्या मुली शोधायला सांगितलं आहे म्हणूनच मी कुवेतपर्यंत पोचले, हे तुमच्या मुलीपासून लपवू नका. मलाही एकदा असंच घेतलं होतं, फोटो काढला आणि बाकावर बसवलं, उठायला मला दोन वर्षं लागली. हिलाही बसावं लागेल. पण बारा कॅसेट आल्या, अकरा मुली बास्केट करताना दिसल्या आणि ही एकटी चुकताना दिसली, म्हणून मला ही पाहिजे. मला तेव्हा वाटलं बाईंनी चेष्टा केली. तरी मी पत्र का लपवलं, तर तुझ्या मनात थोडी शंका राहिली तर बरी, असं वाटलं म्हणून. शंका असली की माणूस मागे वळतं. मला तू परत यायला हवी होतीस, आणि सोमवारी तुझा तिकीट हा शब्द वाचून मला आधी आनंद झाला, नंतर स्वतःची किळस आली. त्या संध्याकाळी मी ती कॅसेट लावली आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिली. सामना संपल्यावर हारूनभाई वडा खायला गेलेत. कॅमेरा खुर्चीवर ठेवलाय आणि बंद करायचा राहून गेलाय. चार मिनिटं सनई नाही, माणसं नाहीत, तिरकं कोर्ट आणि लांब टोकाला तू एकटी, फ्री थ्रो मारत. मी मोजले. तेवीस चुकले. दर वेळी तू जाऊन बॉल आणलास आणि रेषेवर येऊन उभी राहिलीस. चोविसावा गेला, आणि तू वळून पाहिलंस, कुणी बघितलं का. कुणी नव्हतं. मी तिकडे वडे वाढत होते. कोचबाईंनी बघितलं. त्यांचं पत्र आणि बाराव्या तारखेचं तिकीट, दोन्ही या पाकिटात आहे. तिकीट तुझं आहे, मी त्यावर काही बोलणार नाही. फक्त आधी पत्र वाच, आणि हो, तुझा चोविसावा बॉल मी आता पाहिला गं.

उशिरा पाहणारी, पण तुझीच,
आई